झेनॉन बंध जुळवतो, निऑन का नाही?

दोघेही निष्क्रिय वायूंच्या गटातले. 'अष्टक (बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण, म्हणून निष्क्रिय' हे उत्तर परीक्षेपुरतं ठीक. पण झेनॉनचंही अष्टक पूर्णच असतं, तरी तो संयुगं करतो. म्हणून खरा हिशेब ऊर्जेचा मांडायला हवा.

बंध जुळायचा तर इलेक्ट्रॉन द्यावा, घ्यावा किंवा वाटून घ्यावा लागतो. निऑनचा एक इलेक्ट्रॉन काढायला प्रति मोल सुमारे २०८१ किलोज्यूल लागतात, सोडियमला जेमतेम ४९६. बरं, निऑनने बाहेरचा इलेक्ट्रॉन घ्यायचा म्हटलं, तर त्याला जागा थेट पुढच्या, जास्त ऊर्जेच्या कवचात. तिथे तो टिकत नाही.

झेनॉनचा अणू मोठा. बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, त्यामुळे पकड सैल: ११७० किलोज्यूल. ऑक्सिजनच्या रेणूचा आकडाही जवळपास हाच, आणि रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये नेमकं हेच हेरलं. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनकडून इलेक्ट्रॉन ओढतं, मग झेनॉनकडून का नाही? त्या हेक्झाफ्लोराइडची लाल वाफ रंगहीन झेनॉनला भिडली आणि पिवळसर-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. किती सुंदर तर्क!

झेनॉनचं फ्लोरीनबरोबरचं एक संयुग, झेनॉन डायफ्लोराइड, करायचं तर झेनॉन जास्त, फ्लोरीन कमी घेऊन निकेलच्या बंद भांड्यात सुमारे ४०० अंश सेल्सिअसला तापवतात. फ्लोरीन वाढवलं की टेट्रा आणि हेक्झाफ्लोराइड मिसळतात. भांडं पूर्ण कोरडं हवंच. ओल राहिली तर हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, आणि ते काचही खातं.