सकाळचाच खडखडाट

टुरिस्ट परमिटची ती पेट्रोल गाडी कोल्हापुरात माझ्या गॅरेजला आली तेव्हा मालक रडकुंडीला आला होता. "मेस्त्री, इंजिन उघडायला लागतंय म्हणत्यात. टायमिंग चेन गेलीय म्हणं." दुसऱ्या एका गॅरेजने खर्चाचा आकडाही सांगून टाकला होता. मी विचारलं, आवाज कधी येतो?

"सकाळी पयल्यांदा चालू केली की. चार-पाच सेकंद. ऑइलचा दिवा पण तेवढा वेळ ऱ्हातोय. मग दिसभर काय न्हाई."

टायमिंग चेन म्हणजे झडपांची उघडझाप क्रँकशी जुळवणारी साखळी. या इंजिनात तिचा टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, ऑइलच्या दाबावर चालतो. दाब उशिरा आला तर चांगली चेनही वाजते. गेज लावून गरम इंजिनचा दाब पाहिला, तो ठीक होता. म्हणजे पंपाला दोष नाही. राहिला ऑइल फिल्टर. तो इथे आडवा बसतो. गाडी उभी असताना त्यातलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरू नये म्हणून आत रबरी झडप असते, अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. ती गळायला लागली की सकाळी पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागतो.

जुना फिल्टर काढला, त्याच मेकचा एक नवा आणि गाडीच्या कंपनीचा एक नवा घेतला आणि तिन्ही कापून आतून बघायला उद्यमनगरात ओळखीच्या लेथवर गेलो. हॅक्सॉने कधीच कापू नये. बुरा आतल्या गाळणीच्या कागदावर पडतो आणि इंजिनच झिजलंय असं वाटायला लागतं. कड लेथवर उतरवली. जुन्याची झडप काळ्या नायट्राइल रबराची, चिमटीत वाकेचना. त्याच मेकच्या नव्यात तेच रबर, पण मऊ. कंपनीच्या फिल्टरमध्ये सिलिकॉन. ते उष्णतेत जास्त टिकतं. (रंगावरून मात्र ठरवू नये.)

मालक कागदाच्या निऱ्या मोजायला लागला. "ह्यात जास्त हायती, म्हंजे हाच भारी?" लोक व्हिडिओतही हेच करतात. निरी किती खोल, किती उंच, हे धरल्याशिवाय त्या संख्येला अर्थ नाही, आणि कागद किती बारीक कण अडवतो हे डोळ्यांना दिसतच नाही. त्यासाठी आयएसओ ४५४८-१२ या आंतरराष्ट्रीय मानकाची चाचणी असते: ऑइलमध्ये ठरावीक धूळ सोडत ते फिल्टरमधून फिरवत राहायचं आणि कण आधी किती, नंतर किती, ते मोजायचं. पंचाहत्तर कणांतला एकच सुटला तर त्याला बीटा ७५ म्हणतात, म्हणजे ९८.७ टक्के कण अडले. पण किती मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे) कण? जुन्याच मेकच्या त्या स्वस्त फिल्टरच्या खोक्यावर '९९% शुद्धीकरण' एवढंच छापलेलं. ४० मायक्रॉनला ९९ आणि २० मायक्रॉनला ९९ यांत फार फरक आहे. शिवाय कागद बारीक पण क्षेत्रफळ कमी असलं तर तो लवकर चोंदतो, मग बायपास, म्हणजे कागदाला वळसा देणारी वाट, उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं.

कंपनीचाच आणखी एक फिल्टर बसवून गाडी रात्री गॅरेजातच ठेवली. सकाळी मालकालाच चावी फिरवायला लावली. दिवा लगेच विझला, आवाज आलाच नाही. त्याने कापलेला जुना फिल्टर फडक्यात गुंडाळून मागितला. इंजिन उघडा म्हणणाऱ्याच्या काउंटरवर ठेवायचा होता त्याला.