एअर पिस्टलला घरीच ट्रिगर किट बसवलं: पाचशे ग्रॅमचा हिशोब

आधी एक खुलासा करून टाकतो, कारण आपल्या खानदेशात पिस्तूल म्हटलं की लोकांना पेपरातल्या गावठी कट्ट्याच्या बातम्याच आठवतात. मी बोलतोय ते १० मीटरचं एअर पिस्टल, हवेवर चालणारं, ४.५ मिमीची पेलेट म्हणजे बारीक छर्रा, स्पर्धेसाठीचं. बारूदवाल्या खऱ्या पिस्तुलाचा ट्रिगर घरी बदलणं हा आपल्याकडे विषयच नाही, शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ वाचा, हत्यारात बदल करणं, दुरुस्ती करणं सगळं लायसनखाली येतं, आणि ते वापरायच्या लायसनपेक्षा वेगळं असतं. अमेरिकेतली मंडळी युट्यूबवर जेवणाच्या टेबलावर पिस्तूल उघडून नवा ट्रिगर टाकताना दिसतात, ते तिकडचं तिकडं. इथं ते बघून कोणी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका राव.

तर विषय असा की पुतणी रेंजवर जायला लागली त्याला आता बरेच महिने झाले. २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरनं दोन ब्राँझ आणली, मग आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये आणलं, तेव्हापासून जळगावातसुद्धा रेंजवर पोरापोरींची गर्दी वाढली. पिस्टल आम्ही सेकंडहँड घेतलं, चांगल्या कंपनीचं आहे, जुनं मॉडेल, मेकॅनिकल ट्रिगर. मोरिनीसारख्या कंपनीच्या पिस्टलला इलेक्ट्रॉनिक ट्रिगर येतो, तो फार गुळगुळीत असतो म्हणतात, पण आमच्या बजेटच्या बाहेर आणि बिघडला तर इथं बघणार कोण. टोकियोला मनूचं पिस्टल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि ५७५ वर बाराव्या नंबरला थांबावं लागलं, ते आठवलं की मला आपला साधा स्प्रिंगवाला ट्रिगरच बरा वाटतो.

पोरीची तक्रार एकच, "काका, ट्रिगर अडकत अडकत येतो, आणि बोट पूर्ण पोहोचत नाही." दुसरी गोष्ट जास्त खरी होती. तिचा हात लहान, पात म्हणजे ट्रिगरची बोट टेकवायची पट्टी पार पुढं, त्यामुळे बोटाचं टोक कसंतरी टेकवून ती ओढायची म्हणजे प्रत्येक शॉटला पिस्टल थोडं बाजूला ढकललं जायचं.

आता हे थोडंसं म्हणजे किती, ते एकदा हिशोब करून बघा, मला स्वतःला हा हिशोब कळल्यावर ट्रिगरचं महत्त्व कळलं. नेम धरायची पुढची साइट आणि मागची खाचेची साइट यांच्यात साधारण ३४ सेंटिमीटर अंतर असतं. टार्गेट १० मीटरवर. पुढची साइट मागच्या खाचेत फक्त १ मिमी सरकली तर टार्गेटवर तो फरक जवळजवळ २९ मिमी होतो. दहाचं वर्तुळ एकूण ११.५ मिमीचं, प्रत्येक रिंग ८ मिमीनं बाहेर जाते, म्हणजे एक मिलिमीटरच्या चुकीत दहाचा शॉट सरळ सातमध्ये. आणि ती चूक हात हलल्यानं होते त्यापेक्षा जास्त बोटानं होते. हात तर सगळ्यांचाच हलतो.

किटमध्ये काय आलं तर नवी ट्रिगर पात, बेअरिंगवर फिरणारी आणि पुढे मागे, वर खाली, थोडी तिरपीही करता येणारी, स्प्रिंगांचा सेट, दोन पिना आणि बारीक स्क्रू. सोबतच्या कागदावरचे फोटो मात्र भलत्याच मॉडेलचे. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे सर सगळ्यांना बसतं, तुम्ही बसवा. बरं.

इथं एक गैरसमज सगळ्यांचा असतो, माझाही ऑफिसमधला एक मित्र म्हणाला, अरे किट लावलं म्हणजे ट्रिगर एकदम हलका होणार ना. नाही होणार, होऊही शकत नाही. १० मीटर एअर पिस्टलला ट्रिगर सुटायला बोटाचा कमीत कमी ५०० ग्रॅम जोर लागलाच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, २५ मीटर स्पोर्ट पिस्टलला १००० ग्रॅम, एअर रायफलला मात्र वजनाची अट नाही, म्हणून रायफलवाले नुसतं बोट लावलं की उडतं असे ट्रिगर ठेवतात. पूर्वी ५० मीटर फ्री पिस्टललाही अट नव्हती पण तो प्रकार रिओ २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेलाच. म्हणजे आपल्याला पाचशेच्या खाली जायचंच नाही, मग अपग्रेड कशाचं?

वाटणीचं. ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो, फर्स्ट स्टेजला बोट मागे येतं, मग एक भिंत लागते, तिथं थांबायचं, आणि मग सेकंड स्टेजला ब्रेक, म्हणजे ट्रिगर सुटून शॉट जातो. ५०० ही दोन्हींची बेरीज. समजा फर्स्ट स्टेज २५० आणि सेकंड २५० असेल तर भिंतीशी आल्यावर अजून अडीचशे ग्रॅम ओढायचे, आणि नेमकं तेव्हाच साइट बघायची, श्वास धरायचा, सगळं एकदम. तेच फर्स्ट स्टेजला ४०० आणि सेकंडला १०० असं केलं तर भिंतीपर्यंत बोटावर चारशे आधीच चढलेले असतात आणि शेवटी फक्त शंभर वाढवायचे. काट्यावर वजन तेच, बोटाला मात्र अर्ध्यावर आल्यासारखं वाटतं. आमच्या पिस्टलचे जुने स्प्रिंग फर्स्ट स्टेजला इतके मऊ झाले होते की सगळं ओझं सेकंडवर गेलं होतं, पोरीला "अडकत" वाटायचं ते हेच. किटचा खरा फायदा हा, कडक फर्स्ट स्टेज स्प्रिंग.

मी एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मेन्टेनन्सला आहे त्यामुळे ॲलन की, पिन पंच, मॅग्नेट ही सगळी जनावरं घरातच असतात. तरी पहिलं काम म्हणजे हवेचा सिलेंडर काढून ठेवणं, बॅरलमध्ये पेलेट नाही हे डोळ्यानं बघणं आणि केशरी सेफ्टी दोरी आरपार घालणं. मी पिस्टल टेबलावर काढल्याबरोबर आईचं सुरू, "काय करी राहिना रे? पोरंसोरं येतस घरमा, ते तठे नको ठेवू." तिचं काही चुकीचं नाही. दार लावून घेतलं, पंखा बंद केला कारण सर्क्लिप म्हणजे पिन धरणारी बारीक कडी उडाली की पंख्याच्या वाऱ्यात आवाजही येत नाही कुठं पडली ते, आणि मेमध्ये जळगावात पंखा बंद करून काम म्हणजे काय ते जळगावकरांनाच विचारा. सगळं काम मोठ्या स्टीलच्या परातीत केलं, खाली पांढरा पंचा. परातीत पडलेली पिन टण्णकन वाजते, हरवत नाही.

उघडायच्या आधी प्रत्येक स्क्रू किती फेरे आत आहे ते मोजून कागदावर लिहून घेतलं, आणि ट्रिगरचं जुनं सगळं वजन पण. हे कागदावरचं काम लोक टाळतात आणि मग मूळ सेटिंगला परत जाताच येत नाही.

पिन एका बाजूनंच निघते, उलट ठोकली तर भोक खराब. पंच बरोबर मापाचा पाहिजे. जुनी पात काढली तर पिव्होटपाशी, म्हणजे पात जिथं फिरते तिथं, काळा चिकट थर, कोणीतरी आधीच्या मालकानं शिलाई मशीनचं तेल भरपूर सोडलेलं आणि त्यावर धूळ बसून त्याची लापशी झालेली. आपल्याकडे उन्हाळ्यात जी धूळ उडते ना, तिला तेल म्हणजे आमंत्रणच. ते सगळं कापसानं आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसलं, मग सुईच्या टोकावर येईल एवढंसं मोली ग्रीस, फक्त जिथं धातू धातूवर घासतो तिथं. आणि हे ग्रीस किंवा कुठलंही पेट्रोलियमवालं तेल हवेच्या बाजूला, व्हॉल्व्हकडे जाऊ द्यायचं नाही, तिथं दाबाखालच्या हवेत त्याचा भडका उडू शकतो, ओ रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस.

सिअरला, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत आतला हातोडा अडवून धरणाऱ्या खटक्याला, हात लावायचा नाही. म्हणजे खरंच नाही. नेटवर बरेच जण पॉलिश पेपर मारा, फाइल मारा सांगतात. सिअरच्या तोंडावरचं कडकपण वरवरच्या थरात असतं, तो थर घासला की आतलं मऊ लोखंड झिजायला लागतं आणि एक दिवस पिस्टल कॉक करता करताच, म्हणजे खटका चढवतानाच, सुटतं. सिअरची पकड कमी करायचा एक स्क्रू असतो, तोही मी पिस्टलच्या कंपनीच्या मूळ सेटिंगवरच ठेवला. पकड कमी केली की ब्रेक काचेसारखा येतो हे खरं आहे, पण बारावीतल्या पोरीच्या हातात मला तसलं पिस्टल नको.

नवी पात बसवल्यावर पहिलं सेटिंग तिच्या बोटाचं. तिला समोर बसवलं, सिलेंडर नाही, डोळे मिटून पिस्टल धर म्हटलं, आणि बोटाचं पहिलं पेर, मधला भाग, पातीवर सपाट बसेपर्यंत पात मागे घेतली. बोट ग्रिपच्या लाकडाला घासता कामा नये, मधे उजेड दिसला पाहिजे. यातच संध्याकाळ गेली आणि खरं सांगायचं तर निम्मा फायदा इथंच झाला, स्प्रिंग नंतर.

मग वजन. इथं मजा आहे. पात खाली वर सरकवली की पिव्होटपासूनचं अंतर बदलतं, अंतर वाढलं की तोच स्प्रिंग हलका लागतो. म्हणून आधी पात पक्की करा, मग स्प्रिंग. बॅगा मोजायचा लटकता काटा यासाठी कामाचा नाही, तो ओढताना आकडा नाचतो. स्पर्धेत पिस्टल उभं धरतात, नळी आकाशाकडे, ट्रिगरच्या मध्यावर ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि टेबलावरून उचलतात, वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. जास्तीत जास्त तीन प्रयत्न देतात. मी कारखान्यात लेथवर तसंच वजन वळवून घेतलं पण मुद्दाम ५१५ ग्रॅमचं, आणि खात्री कुठं करायची तर जळगावात सोन्याच्या दुकानांना तोटा आहे का, ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवलं. त्यानं विचारलं हे काय नवीन, मी म्हटलं पोरीच्या खेळाचं आहे, तर चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

१५ ग्रॅम जास्त का, तर घरी बरोबर पाचशेवर लावलेला ट्रिगर स्पर्धेच्या टेबलावर जाईपर्यंत पाच ग्रॅम इकडे तिकडे होतोच, नवा स्प्रिंग थोडा बसतो, ग्रीस पसरतं. इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीत, नापास होऊन तिथं लाइनमध्ये उभं राहून ॲलन की फिरवणारी पोरं मी पाहिली आहेत, हात थरथरत असतात, आणि मग तोच हात घेऊन ६० शॉट मारायचे ७५ मिनिटांत.

फर्स्ट स्टेज वाढवत नेली, सेकंड कमी करत आणली, प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर वजन उचलून बघितलं. साधारण ४०० आणि १२० वर थांबलो. शेवटी ओव्हरट्रॅव्हलचा स्टॉप, म्हणजे ब्रेक झाल्यावर पात किती मागे जाते ते. अगदी शून्य करू नका, धूळ किंवा घाम गेला तर पात सिअर सोडायच्या आधीच स्टॉपला टेकते आणि शॉटच जात नाही, पाव फेरा मोकळा ठेवा. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लोकटाइट गोंद लावायचा तर निळा, तोही टूथपिकनं एक ठिपका, लाल लावला तर पुढच्या वेळी स्क्रूचं डोकं तुमच्या हातात येईल.

मग टेस्ट. कॉक करून, पेलेट नाही, रबरी हातोडीनं ग्रिपवर, बाजूनं, खालून टकटक. सुटलं नाही. कॉक करून पात भिंतीपर्यंत ओढून परत सोडली, तरी सुटलं नाही. हे झाल्याशिवाय सिलेंडर लावलाच नाही. सिलेंडर लावल्यावर पुन्हा वजन उचललं, कारण स्पर्धेत हवेसकटच बघतात.

सिलेंडरवरून आठवलं, उन्हाळ्यात तो गाडीत ठेवू नका. २५ डिग्रीला २०० बार भरलेला सिलेंडर ४५ डिग्रीला २१३ च्या आसपास जातो, आणि बंद गाडीत आपल्याकडे ४५ वर थांबत नाही. सिलेंडरवर तारीख छापलेली असते, दहा वर्षं झाली की बाद. सेकंडहँड पिस्टल घेताना लोक ट्रिगर दाबून बघतात, ही तारीख कोणी बघत नाही.

रेंजवर पोरीनं पहिल्या दिवशी नुसतं ड्राय केलं, पेलेट नाही. भिंतीवर कोरा पांढरा कागद, टार्गेटसुद्धा नाही, फक्त साइट आणि बोट. कोच म्हणाले आठवडाभर हेच कर, जुन्या ट्रिगरची सवय बोटातून जाऊ दे. तिला अर्थात लगेच मारायचं होतं. मारलं तेव्हा पहिल्या सिरीजला स्कोअर चक्क कमी आला, कारण ब्रेक तिच्या अंदाजाआधी येत होता, पण डावीकडे खाली जाणारे शॉट, जे उजव्या हातवाल्यांचे बोट झटकलं की जातात, ते जवळपास बंद झाले. ग्रुप, म्हणजे शॉटच्या छिद्रांचा पुंजका, वर सरकला पण गोळा झाला. वर सरकलेला ग्रुप साइटचे दोन क्लिक फिरवून खाली येतो, पसरलेल्या ग्रुपला क्लिक नसतात.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी, पिस्टल वॉरंटीत असेल तर उघडू नका, आणि पात आधीच बोटाला नीट बसत असेल तर किटवर पैसे घालायच्या आधी फक्त जुना ट्रिगर साफ करून स्क्रूंची वाटणी बदलून बघा, बऱ्याच पिस्टलला तेवढ्यात भागतं. आमचे जुने स्प्रिंग आणि पात एका गोळ्यांच्या डबीत नाव लिहून ठेवलेत, विकताना मूळ भाग मागतातच. आता ग्रिपचं काम राहिलंय, अंगठ्याखाली लाकूड टोचतं म्हणते, तिथं थोडं घासायचं आणि खालच्या बाजूला पुटी भरायची आहे, पण ते पाऊस पडल्यावर, या उन्हात पुटी वाळण्याआधी मीच वाळेन.