पुराणिक आणि शेठ

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी बडोद्यातल्या सोसायट्यांत शिरलं, तेव्हा आणि नंतरही कितीतरी दिवस माझ्या दवाखान्यात काय काय आलं ते सगळं सांगायचं तर रात्र पुरायची नाही. मगरींच्या बातम्या साऱ्यांनीच पाहिल्या. मी सांगतेय त्या पेशंटचं वजन होतं १४ ग्रॅम.

ऑक्टोबरातली दुपार होती. बडोद्यातल्याच अकोटा भागातल्या एक काकू नातवाला घेऊन आल्या. माझ्या आईच्या ओळखीच्या, म्हणून मला 'अगं डॉक्टर' म्हणतात. नातवाच्या हातात श्रीखंडाचे दोन रिकामे डबे, झाकणांना भोकं पाडलेली. दोन्हींत कासवाची पिल्लं.

"याचं नाव शेठ. पैसे मोजून आणलाय," काकूंनी ओळख करून दिली. "आणि हा पुराणिक. पुरात आला म्हणून. पाणी ओसरलं तर तुळशीपाशी बसलेला."

"बरं, झालंय काय?"

"दोघांच्या पाठी मऊ पडल्यात बघ. आधी शेठची पडली, आता याचीही. एकाचं दुसऱ्याला लागलं असणार. म्हणून मी माझ्या गुडघ्याच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून देतेय दोघांना. पुराणिकला तेलही लावते रोज. खोबरेल."

आणंदला पशुवैद्यकीच्या साडेपाच वर्षांत गाय, म्हैस, घोडा, कोंबडी यांचं पोटभर शिकले. कासवाच्या वाट्याला किती तास आले ते विचारू नका. जे काही येतं ते नंतरचं, पुस्तकांतून आणि चुकांमधून.

आधी शेठला उचललं. डोळ्यांमागे लाल पट्टा, म्हणजे दुकानांत सर्रास मिळणारं लाल कानाचं कासव. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. घरी आणून आठ महिने झालेले आणि आकार अजून बिस्किटाएवढा. दोन्ही डोळे सुजून मिटलेले. पाठीच्या कडेला अंगठा हलकेच टेकवला तर कड आत गेली, ओल्या पापडासारखी. या जातीच्या पिल्लाची कड थोडीफार लवते, पण एवढी नाही.

"खायला काय देता?"

"सुकी कोळंबी. दुकानदाराने डबी दिली होती, तीच."

"आणि ठेवता कुठे?"

"हॉलमध्ये, काचेच्या वाडग्यात. उत्तरेला. खिडकीतून ऊन येतं चांगलं."

उत्तरेला का, ते विचारायची गरज नव्हती. वास्तूसाठी कासव ठेवणारं हे माझ्याकडे आलेलं पहिलं घर नव्हे. देवळातलं कासव गाभाऱ्यासमोर शतकं काढतं, कारण ते दगडाचं असतं. जिवंत कासवाला कवच घडवायला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व, आणि ते तयार व्हायला उन्हातले अतिनील किरण. हे किरण खिडकीची काच अडवते. म्हणजे आठ महिने शेठला ऊन दिसत होतं, मिळत नव्हतं. त्यात वाडग्यात चढून बसायला कोरडी जागाच नाही. निव्वळ सुक्या कोळंबीत कॅल्शियमचा मेळ बसत नाही आणि अ जीवनसत्त्वही पुरत नाही. डोळे सुजले ते त्यामुळे.

मी शेठमध्ये एवढी गुंतले होते की पुराणिकचा डबा पाच-दहा मिनिटं तसाच पडून होता. उघडला तर आधी खोबरेलाचा वास आला. कोमट पाण्याने पिल्लू धुतलं, तळहातावर घेतलं, आणि मला हसू आवरेना.

"काकू, याला काही झालेलं नाही. हा असाच असतो."

या जातीच्या पाठीवर खवल्यांचे कडक तुकडे नसतातच. हाडावर चामड्यासारखी कातडी आणि कडेला तर नुसती मऊ झालर. मी त्याला उताणं केलं. पोटाच्या मागच्या बाजूला दोन झडपा असतात. पिल्लाने मागचे पाय आत ओढले, आणि एकेका पायावर एकेक झडप बंद झाली. दुकान मिटावं तशी. नातू म्हणाला, "परत करायला सांगा ना."

हे आपल्याच तळ्या-नद्यांतलं मऊ पाठीचं कासव. विश्वामित्रीतही आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखलात गाडून घेतं. याला पुरून बसायला बारीक वाळू किंवा गाळ हवा. या मुलाने प्रेमापोटी टबात रंगीत खडे घातले होते, त्याने पोटावर खरचटलं होतं. मोठं दुखणं तेवढंच. ते आणि खोबरेल.

एकाची मऊ पाठ म्हणजे आजार, दुसऱ्याची म्हणजे जात. इथवर सोपं होतं. अवघड पुढेच होतं, कारण काकू घरून बेत ठरवूनच आल्या होत्या.

"माझ्याच्याने दोन-दोन होत नाही गं. शेठला सूरसागर तळ्यात सोडू, महादेवाच्या पायाशी. पुराणिक राहील. तो आपल्या पायांनी आलाय घरी, त्याला कसं घालवायचं?"

म्हणजे जे मुळीच करायचं नाही तेवढंच नेमकं. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

पुराणिकची जात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. घरी ठेवता येत नाही, कौतुकानेसुद्धा. शेठ त्या यादीत नाही, म्हणून दुकानात उघड मिळतो. पण त्याला तळ्यात सोडणं म्हणजे पुराणिकच्या घरात भाडेकरू घुसवणं. खादाड आणि चिवट जात, उन्हाची जागा आणि खाणं दोन्ही बळकावते. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० उपऱ्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे आणि युरोपीय संघाने १९९७ मध्ये तिची आयातच बंद केली.

"म्हणजे चांगला जाणार आणि आजारी माझ्या गळ्यात," काकू म्हणाल्या.

नातू रडला नाही, चिडला. "मग शेठला अमेरिकेत सोडून या ना!" मला त्याचं म्हणणं तसं पटलं होतं.

वनखात्याला फोन लावला. पुराणिक रात्री माझ्याकडे राहिला, भांड्यात ओली वाळू, वर बोटभर पाणी. पाच मिनिटांत तो वाळूत दिसेनासा झाला, नुसती नाकाची नळी वर. सकाळी वनखात्याचा माणूस आला, उलटसुलट करून पाहिलं, "मस्त छे," म्हणाला आणि घेऊन गेला. पोटावरचं खरचटलेलं भरलं की नदीला सोडू म्हणाला. नातवाला शाळा होती, तो नव्हता. बरंच झालं.

शेठचं मात्र चिकाटीचं काम. अ जीवनसत्त्वाची सुई द्यावी का, यावर मी बराच वेळ घालवला. एवढ्याशा जिवाला मात्रा जरा चढली तर कातडी सोलून निघते. शेवटी तोंडावाटेच, थोडं थोडं. काकूंच्या गोळ्या बंद. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेन, म्हणजे कटलफिशचं हाड, आणायला लावला, त्याचा तुकडा पाण्यात तरंगत ठेवायचा, कुरतडेल तेवढं कुरतडेल. काट्यासकट बारीक मासळी, गांडूळ, थोडा लाल भोपळा, शेवग्याचा पाला. मासळीचं नाव काढताच काकूंनी तोंड वाकडं केलं, ते काम सुनेकडे गेलं. वाडगा जाऊन मोठा टब आला, त्यात चढायला वीट. सकाळी अर्धा तास गच्चीवर, अर्ध्या टबावर सावली आणि वर जाळी. कावळे, घारी टपलेल्या असतात. हात लावला की साबणाने धुवायचे आणि पापे घ्यायचे नाहीत, हे नातवाला तीनदा सांगितलं. अमेरिकेत चार इंचांहून लहान पाठीचं कासव पाळायला विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण मुलं ती तोंडात घालत आणि साल्मोनेला नावाच्या जंतूने आजारी पडत.

दोन आठवड्यांनी एक डोळा उघडला. दुसऱ्याला आणखी दहा दिवस लागले. जानेवारीत त्याच श्रीखंडाच्या डब्यातून शेठ परत आला. पाठीवर नखाने वाजवलं तर टक् असा आवाज आला. कडा थोड्या वाकड्या राहिल्यात, त्या तशाच राहणार.

"किती जगेल हा?" नातवाने विचारलं.

"नीट ठेवलास तर तीसेक वर्षं."

त्याने बोटांवर हिशेब केला. काकूंनी केला नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता, "अगं, पण हा शेठच आहे ना? की शेठाणी?"

"आत्ता नाही सांगता येत. चार इंचांचा झाला आणि पुढच्या पायांची नखं लांब वाढली, तर शेठ."

"तोवर शेठच," त्यांनी निकाल दिला आणि डबा पदराखाली घेतला, बाहेर वारा होता म्हणून.