गाडी पाणी खातेय

रविवार, रात्री

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, म्हणजे कूलंटच्या, टाकीतली पातळी पुन्हा खाली आलीय. फार नाही, जेमतेम बोटभर. फरशी कोरडी, तापमानाचा काटा जिथे असायला हवा तिथेच. गॅरेजच्या भाषेत गाडी पाणी खातेय. एवढ्याने काय होतं, वरून ओत आणि चालव, असं सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते जमत नाही. ही बंद यंत्रणा आहे. पाणी कमी झालं म्हणजे ते कुठून तरी गेलंय, आणि ते ‘कुठून’ कळत नाही तोवर डोक्यातून जात नाही.

भळाभळा गळली असती तर परवडलं असतं. निदान डाग दिसला असता. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये सगळं इतकं दाटीवाटीने बसवलेलं असतं की थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही. तापलेल्या ब्लॉकवर पडला की त्यातलं पाणी उडून जातं. व्ही आकाराचं इंजिन असेल तर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोलगट जागेत, इंजिनाला हवा पुरवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डखाली साचून राहतं आणि वरून काहीच दिसत नाही. उरलंसुरलं गाडीच्या पोटाखालचा अंडरट्रे अडवतो. त्यात इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असेल तर पाण्याचा प्रवास गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोयोटा एमआर२ची रचना तशी, १९९७ साली आलेल्या, पाण्यावर थंड होणाऱ्या पोर्शे ९११चीही तशीच. वाटेतल्या प्रत्येक सांध्यावर संशय घ्यायचा. शिवाय चालत्या गाडीत वारा थेंबाला मागे ढकलतो, म्हणजे ओल दिसते तिथे गळती नसतेच. तिच्या वर आणि पुढे शोधावं लागतं.

मग जातं कुठे?

केबिनमध्ये नाही, एवढं नक्की. हीटरचा कोर, म्हणजे त्यातला लहानसा रेडिएटर, गळत असता तर काचेवर आतून तेलकट धुकं धरलं असतं, गोडसर वास आला असता, डॅशखालचा गालिचा ओला लागला असता. इंजिनाच्या आत जातंय का, ही भीती मोठी. हेड गास्केट, इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील. हा शब्द मनात आला की पुढचं सगळं डोळ्यांसमोर येतं. पण भीती म्हणजे पुरावा नव्हे. त्याची तपासणी ठरलेली आहे: इंजिन गरम करून चालू ठेवायचं, टाकीच्या तोंडावरची वाफ निळ्या रसायनातून ओढायची. रसायन पिवळं पडलं तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. निळंच राहिलं तर बाहेर शोधायचं. इंजिनात तेल ओतायच्या तोंडाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला की तेलात पाणी शिरलं, असं समजून घाबरणारे बरेच असतात. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही तो धरतो. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ असेल तेव्हा मात्र इंजिन चालूच करू नये.

रसायन निळंच आहे. तरीही चैन नाही.

खरी तपासणी दाबाची, आणि तीही गार इंजिनावर. गरम असताना झाकण उघडायचं नाहीच: पाणी आणि ग्लायकॉल (कूलंटमधलं रसायन) निम्मे-निम्मे घातलेलं मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं, एक बार, म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढ्या, जादा दाबाखाली १२५च्या पुढेही द्रव राहतं, आणि दाब सुटताक्षणी उसळून अंगावर येतं. टाकीच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर छापलेल्या आकड्याएवढाच दाब भरायचा. ०.९ असेल तर ०.९. जास्त दिला तर जुना रेडिएटर तिथेच उसवतो. मग वीस मिनिटं काट्याकडे बघायचं, आणि कान उघडे ठेवायचे. झाकणही अ‍ॅडॉप्टर लावून वेगळं तपासायचं. त्याची स्प्रिंग सैल झाली की ते वेळेआधीच वाफ सोडतं आणि पाणी फिरवणाऱ्या बिचाऱ्या वॉटर पंपावर आळ येतो.

काही गळत्या फक्त गारच असतात. रात्री धातू आणि रबर आकसतं, क्लॅम्पची पकड ढिली होते, दोन थेंब सुटतात. इंजिन तापलं की सगळं फुगून बंद. काही नेमक्या उलट: प्लास्टिकच्या टाकीच्या जोडावरची केसाएवढी चीर दाबाखाली तापल्यावरच उघडते. म्हणून दाब गार असताना एकदा, आणि यूव्ही डाय (तसल्या टॉर्चखाली चमकणारा रंग) घालून गाडी फिरवल्यावर काळोखात निळ्या टॉर्चने एकदा. दोन्ही हवंच. एकावर विसंबून पार्ट बदलत सुटणं मला पटत नाही. पैसे जातात त्यापेक्षा वाईट म्हणजे, गळती थांबली ती कशाने, हे कधीच कळत नाही.

किती दिवस एखाद्या वस्तूच्या मागे असं लागायचं? बाकीच्यांच्या गाड्या किल्ली फिरवली की निघतात. अण्णा म्हणाले होते तेही आठवलं. असो.

वॉटर पंपाच्या पोटाशी खाली एक बारीक भोक असतं. सील आणि बेअरिंग यांच्या मधलं. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं. आज आरसा खाली सरकवून बघितलं. भोकाभोवती नुसता जुना, मातकट डाग, हाताला कोरडा. त्यावरून पंप काढायचा नाही. पण आरसा जरा वर वळवला तर मॅनिफोल्डखाली, हवेची झडप असलेल्या थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या करंगळीएवढ्या रबरी होजच्या टोकाला हिरवट पांढरी कड, सुकलेल्या कूलंटसारखी. नखाने खरवडली तर खडूसारखी भुकटी पडली आणि खाली बोटाला चिकट लागलं. होज दाबून बघितला: दबतच नाही, लाकूड झालाय.

तीस वर्षांचं रबर आहे ते. इतकी वर्षं उकळत्या पाण्याजवळ राहून, तापत-निवत त्याने काम केलं. त्याच्यावर राग धरण्यात काय अर्थ? उलट दुपारपासून छातीवर असलेलं ओझं तिथेच उतरलं. जुनी गाडी आहे, झिजणारच. कुठे झिजली ते सापडलं की पुरे.

अजून खात्री नाही, संशयच आहे. उद्या सकाळी इंजिन पूर्ण गार असताना दाब लावून त्याच टोकाला टॉर्च धरायचा. ओल आली तर मॅनिफोल्ड उतरवायचा, आणि एकदा उतरवला की तिथले सगळे लहान होज, मॅनिफोल्डचं गास्केट एकत्रच बदलायचं. क्लॅम्प स्प्रिंगचेच, रबर आकसलं तरी ते पकड सोडत नाहीत, स्क्रूचे पुन्हा आवळावे लागतात. टोक बसतं त्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर खड्डे पडले असतील तर नवा होजही गळेल, म्हणून आधी ती घासून स्वच्छ करायची. गळती बुजवणारी पावडर अजिबात नाही, ती हीटरच्या बारीक नळ्या आधी बुजवते. भरताना नाक उंच, हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायच्या ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू. निघालेलं जुनं कूलंट झाकणाच्या डब्यात. गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विष आहे.