नव्या बॅटरीने न सुटलेले कोडे

माझी जुनी कार्ब्युरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाची) गाडी दोन-अडीच महिने उभी राहिली, की पहिल्या सेल्फला कधीच सुरू होत नसे. थांबत थांबत एकूण चाळीस-पन्नास सेकंद सेल्फ मारल्यावर इंजिन कसेबसे पकडत असे, आणि त्यानंतर दिवसभर मात्र किल्ली फिरवताच सुरू होई. मी सरळ बॅटरीवर आळ घेतला आणि नवी बॅटरी बसवली. पुढच्या खेपेला सेल्फ अधिक जोमाने फिरला, पण गाडी तितकाच वेळ रुसून राहिली.

खरे तर आधी सेल्फचा आवाज नीट ऐकायला हवा होता. इंजिन रडतखडत फिरत असेल किंवा नुसती टकटक होत असेल, तर दोष विजेच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी. ते नेहमीच्या वेगाने फिरूनही पकडत नसेल, तर बॅटरी बदलून सहसा काही साधत नाही. पूर्ण चार्ज झालेली 12 व्होल्टची बॅटरी काही तास विसावल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, परंतु सेल्फ चालू असतानाचा आकडा अधिक बोलका असतो. तो साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी; आकडा चांगला असूनही सेल्फ मंद फिरत असेल, तर टर्मिनलवर साचलेला थर आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी पाहावी. माझ्या गाडीत हे सारे ठीक होते.

मग ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग काढले. इतका वेळ सेल्फ मारूनही ते कोरडे ठणठणीत होते, म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नव्हते. (ते ओले निघाले असते, तर मी आधी ठिणगी तपासली असती, कारण गाडी उभी राहिल्यावर प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवरही (उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर) गंज चढतो.) कार्ब्युरेटरचे फ्लोट चेंबर, म्हणजे थोडे पेट्रोल साठवणारी त्याची वाटी, हवेला खुले असल्याने त्यातले पेट्रोल काही आठवड्यांत उडून जाते, आणि यांत्रिक पंप इंजिन फिरल्याशिवाय ते भरू शकत नाही. एवढे मी गृहीत धरले होते, पण रिकामे चेंबर भरायला पन्नास सेकंद लागणे मला पटेना.

इंजिन थंड असताना, आसपास ज्योत किंवा ठिणगी नाही याची खात्री करून, मी सिरिंजने चेंबरच्या व्हेंटमधून (हवेच्या छिद्रातून) थोडे पेट्रोल घातले. इंजिन तत्काळ सुरू झाले, थोडा वेळ चालले आणि बंद पडले. याचा अर्थ ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कामापुरते शाबूत होते. पंपापर्यंतची नळीच रिकामी होत होती. टाकी आणि पंप यांच्यामधल्या रबरी नळीला क्लॅम्पजवळ बारीक चिरा सापडल्या. ही खेचणारी बाजू असल्याने तेथून पेट्रोल गळण्याऐवजी हवा आत शिरत होती आणि गाडी उभी असताना नळीतले पेट्रोल टाकीत परतत होते. खाली एकही थेंब न दिसल्यामुळे मी त्या नळीकडे वर्षभर पाहिलेसुद्धा नव्हते!

नळी आणि क्लॅम्प बदलल्यावर, सहा आठवडे उभी राहिलेली गाडी चोक ओढून दहा सेकंदांत सुरू झाली. उरलेले दहा सेकंद चेंबर भरण्याचे आहेत आणि ते मला मान्य आहेत.