दोन कांदळ वेगळे ओळखताना

खाडीकाठच्या कुणालाही विचारा, कांदळ एकच. चिखलात मुळांचे पाय रोवून उभं असलेलं खारफुटीचं झाड दिसलं की झालं. रोजच्या व्यवहाराला तेवढं पुरतंही. पण आमच्या मालवणकडच्या खाडीत कांदळाची रोपं करायचं ठरलं, शेंगा गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, आणि दोन जाती वेगळ्या ठेवणं भाग पडलं. ऱ्हायझोफोरा म्युक्रोनाटा आणि ऱ्हायझोफोरा एपिक्युलाटा. दोघांच्या शेंगा एका ढिगात गेल्या की पुढे कुठली तगली आणि कुठली गेली, याचा हिशेबच लागत नाही.

वनस्पतींच्या पुस्तकांत वर्णन पानापासून सुरू होतं, म्हणून मीही पानापासूनच सुरुवात केली. म्युक्रोनाटाचं पान रुंद, त्याच्या शेंड्याला बारीक ताठ टोक. एपिक्युलाटाचं अरुंद, गडद, मागची मधली शीर बहुधा तांबूस. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एकाच झाडाची सावलीतली पानं रुंद आणि उन्हातली लहान निघतात, शेंड्याचं टोक मोडलेलं असतं, आणि मागचे काळसर ठिपके दोघांनाही असतात. माझ्या वहीत ‘नक्की नाही’ असा शेरा असलेली झाडं वाढतच चालली होती.

वाट दाखवली ती कालवं काढणाऱ्या तात्यांनी. मी फांदी वाकवून पानं मोजत होते. ते म्हणाले, “गो बाय, पानां कित्याक मोजतस? फुलां खंय लागतत ता बघ.” त्यांना शास्त्रीय नावांशी काही देणंघेणं नव्हतं, पण जन्मभर याच झाडांखालून होडी गेलेली.

फुलं बघायची तर भरतीला होडीतून जावं. ओहोटीला चिखलातून गेलात तर फक्त मुळंच हाताशी येतात आणि फुलं डोक्याच्या वर राहतात. उधाणाची भरती असली की होडी थेट फांद्यांपर्यंत पोचते. पहिल्यांदा नीट दिसलं ते तेव्हाच. एपिक्युलाटाची फुलं पानांच्या खाली, जिथली पानं गळून गेली आहेत त्या उघड्या फांदीवर येतात. देठ आखूड आणि जाड, त्यावर दोनच फुलं, जवळजवळ बिनदेठाची, आणि त्यांच्या बुडाशी भेगाळलेली तपकिरी वाटी. म्युक्रोनाटाची फुलं पानांच्या बगलेतच. देठ लांब, पुढे दुभागत जाणारा, त्यामुळे घोस लोंबल्यासारखा दिसतो. भिंग लावून पाकळी पाहिली तर शंकाच उरत नाही: म्युक्रोनाटाच्या पाकळीच्या कडेला पांढरी दाट लव असते, एपिक्युलाटाची पाकळी साफ गुळगुळीत. पुंकेसरही मोजता येतात, म्युक्रोनाटाला आठ, एपिक्युलाटाला साधारण बारा. पण डुलत्या होडीत मला देठ आणि लव एवढंच पुरेसं वाटतं.

शेंग म्हणतात ती खरं तर शेंग नव्हेच. बी झाडावरच रुजतं आणि त्याचा कोंब लांबत जातो. फुलापासून तो पिकेपर्यंत बराच काळ जातो, त्यामुळे फुलं आणि लोंबते कोंब एकाच झाडावर सापडू शकतात. असं झाड मिळालं की फुलावरून नाव पक्कं करायचं आणि फांदीला रंगीत सुतळी बांधून ठेवायची. माझं सगळं काम या सुतळ्यांवर उभं आहे. म्युक्रोनाटाचा कोंब लांब आणि खरखरीत, बरेचदा हातभरापेक्षा मोठा. एपिक्युलाटाचा आखूड आणि त्यामानाने गुळगुळीत. पिकल्याची खूण फळाला लागून असलेल्या गळ्यावर उमटते, म्युक्रोनाटाला पिवळसर, एपिक्युलाटाला तांबूस. गळ्यावरचं हे रंगीत कडं दिसण्याआधी ओढलेला कोंब कच्चाच असतो, तो काढू नये. आणि वन विभागाची परवानगी नसेल तर झाडाला हातच लावू नये.

जवळची बाकीची मंडळी तुलनेने सोपी. फुलाचे निदल, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरचे दल, चार असले तर कांदळ, पाच असले तर किरण नावाच्या खारफुटीकडे आणि तिच्या भाऊबंदांकडे वळावं, आठ-दहा किंवा जास्त असले तर ब्रुगिएरा ही आणखी एक खारफुटी. ब्रुगिएराचा कोंब गळताना निदलांची टोपी सोबत घेऊन पडतो, कांदळाचा ती झाडावरच सोडून येतो.

तमिळनाडूत पिचावरमला या दोन्ही कांदळांचा संकर नोंदलेला आहे. म्हणून देठ एकाचा आणि पाकळी दुसऱ्याची असं झाड दिसलं तर मी त्याला घाईने नाव देत नाही. त्याची सुतळी पांढरी, त्याचे कोंब वेगळ्या पिशवीत. असं एक झाड सध्या खाडीच्या वळणावर आहे. पुढचा बहर आला की त्याची पाकळी पुन्हा भिंगाखाली घ्यायची आहे.