बालहृदयरोगतज्ज्ञ पाहिजे : एका जागेचे २१ महिने

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आस्थापना विभागात मला सतरा वर्षं झाली. शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकांपासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्यात. त्यामुळे बालहृदयरोगतज्ज्ञाचं एक पद मंजूर झालं तेव्हा मी डीनसरांना बिनधास्त म्हटलं, "दिवाळीपर्यंत भरतो." कुठल्या दिवाळीपर्यंत ते बोललो नाही, तेवढं एक शहाणपण झालं.

महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही. कोकणात आहे, मागे घाट नि पुढे समुद्र, इतकं पुरे.

पद मागितलं होतं बालरोग विभागाच्या मॅडमनी. त्या एक जाडं रजिस्टर घेऊन माझ्याकडे आल्या. दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात काहीतरी दोष असतो. देशात वर्षाला अशी दोन लाखांवर बाळं जन्मतात आणि त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच उपचार लागतात, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं (२०१३ साली हा कार्यक्रम देशभरासाठी सुरू झाला तो आपल्या पालघरातून) अंगणवाड्या-शाळांतून फिरतात, छातीला स्टेथो लावतात, आवाज वेगळा वाटला की चिठ्ठी देतात : इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा. लहान मुलाचा इको नीट वाचणारा माणूस आमच्याकडे नाही. मग चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी : मुंबई.

पूर्वी केईएमला नाहीतर वाडियाला जायचं म्हणजे परळ-लालबागला चुलत्याची खोली असायची. गिरण्या गेल्या, खोल्या विकल्या, चुलते दिव्याला नि नालासोपाऱ्याला गेले. आता रात्रीच्या गाडीत पोर मांडीवर घेऊन बसायचं, पहाटे दादरला उतरायचं, केसपेपर काढायचा. इको त्या दिवशी झाला तर नशीब. पुढची तारीख मिळाली की बाप म्हणतो भातलावणी झाल्यावर बघू. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात 'पुढे काय झालं' लिहायचं होतं. त्या रकान्यात रिकाम्या ओळी भरलेल्यांपेक्षा जास्त होत्या.

जाहिरात मी नेहमीच्या साच्यातच दिली. एक पद, थेट मुलाखत, मूळ कागदपत्रांसह उपस्थित राहावे. दोघे आले. एक मोठ्यांचे हृदयरोगतज्ज्ञ होते. लहान मुलं बघाल का, असं मॅडमनी विचारल्यावर म्हणाले, "दहा वर्षांच्या पुढची बघेन." दुसरे बालरोगतज्ज्ञ, इकोचा सहा महिन्यांचा कोर्स केलेले. माणूस चांगला होता, पण पदाची पात्रता बसत नव्हती. तिसरा कोणी येईल म्हणून आम्ही पाच वाजेपर्यंत बसलो. शिपायाने समोसे आणले ते आम्हीच खाल्ले.

त्या संध्याकाळी मॅडमनी एका लिफाफ्याच्या पाठीवर मला हिशेब मांडून दाखवला. एमबीबीएस साडेपाच वर्षं, बालरोगात एमडी तीन, त्यावर बालहृदयरोगाची डीएम किंवा डीआरएनबी ही अतिविशेष पदवी आणखी तीन. मधे प्रवेश परीक्षांची वर्षं, कुठे सक्तीच्या सरकारी सेवेचा बॉण्ड. माणूस हाती येतो तेव्हा तेहतीस-चौतिशीचा असतो, पोर शाळेत जायच्या वयाचं असतं, आणि शेवटच्या वर्षाला असतानाच मोठ्या शहरातल्या रुग्णालयाने त्याला सांगून ठेवलेलं असतं. असा माणूस सकाळी पेपरात 'पाहिजेत' वाचत नाही. म्हणजे त्याला शोधायला आम्हीच जायला हवं होतं.

व्यवस्थापनातून सूचना आली की मुंबईचे एखादे नामांकित डॉक्टर महिन्यातून दोन शनिवार बोलवा, फलक लावा, झालं. ओपीडीला ते चाललं असतं. पण आता शिक्षकांची हजेरी चेहरा दाखवून लागते आणि पद पूर्णवेळ शिक्षकाचं. दोन शनिवारांत ती हजेरी भरत नाही. शिवाय निळं पडलेलं बाळ शनिवार बघून जन्मत नाही, असं मॅडम जरा चिडूनच म्हणाल्या.

मग फोनाफोनी. जिथे हा अभ्यासक्रम शिकवतात तिथल्या विभागप्रमुखांना मॅडमनी एकेक करून फोन केले आणि त्यातून पहिले डॉक्टर मिळाले. सप्टेंबरात रुजू झाले, जानेवारीत गेले. दोष आमचाच. मुलाखतीत आम्ही 'मशीन येतंय', 'स्टाफ देतोय', 'क्वार्टर रंगवतोय' असं सगळं चालू वर्तमानकाळात सांगितलं होतं. क्वार्टर तेवढं रंगवून झालं. लहान मुलांच्या प्रोबची (इको करताना छातीवर फिरवतात त्या दांड्याची) फाईल खरेदी समितीत तीन बैठका फिरत राहिली. ते सभ्य गृहस्थ होते. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारण' लिहिलं आणि जाताना मला म्हणाले, "सर, पुढच्या माणसाला नसलेलं नाही म्हणून सांगा."

मार्चमध्ये दुसऱ्या डॉक्टर आल्या. मूळच्या मराठवाड्यातल्या, शिक्षण दक्षिणेत. गेस्ट हाउसवर बॅग टाकली आणि चहा न घेताच म्हणाल्या, आधी नवजात अतिदक्षता विभाग बघू. तिथे त्यांनी ना व्हेंटिलेटर मोजले, ना खाटा. इन्चार्ज सिस्टरना विचारलं, "औषधांचा फ्रिज कुठला?"

सिस्टरनी दार उघडलं. वरच्या कप्प्यात इंजेक्शनं, खालच्या कप्प्यात इंजेक्शनं, आणि मागे सरकवलेली, कुणाच्या तरी डब्यातली सोलकढीची बाटली. सिस्टरचा चेहरा कोकमापेक्षा लाल. डॉक्टरांनी बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. "प्रोस्टाग्लँडिन आहे?" सिस्टरनी चाचपून एक छोटा खोका काढला. दोन अँप्युल. डॉक्टरांनी त्या ट्यूबलाइटखाली धरून तारीख वाचली. संपून चार महिने झाले होते.

काही बाळांचं हृदयच असं घडलेलं असतं की जन्मानंतर आपोआप मिटणारी एक रक्तवाहिनी उघडी राहील तोवरच त्यांना पुरेसं रक्त नाहीतर प्राणवायू मिळतो. हे औषध ती उघडी ठेवतं. पंपावर अगदी सूक्ष्म मात्रेत चालू ठेवायचं आणि शस्त्रक्रिया होते तिथपर्यंत बाळ पोचवायचं. त्यानेच बाळाचा श्वास थांबूही शकतो, म्हणून गाडीत व्हेंटिलेटर नि तो हाताळणारा माणूस लागतो. हे सगळं मला त्यांनी फ्रिजसमोर उभ्या-उभ्या सांगितलं.

"मागवलं की किती दिवसांत येतं?"

"इंडेंट, मग कोटेशन... साधारण तीन आठवडे," मी म्हटलं.

त्यांनी डायरीत '३ आठवडे' लिहिलं. आणखी काही बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

इकोचं मशीन चांगलं निघालं, प्रोब मोठ्यांचा. तान्ह्या बाळाचं हृदय सालासकट सुपारीएवढं. बरगड्यांच्या फटीतून ते बघायचं तर प्रोबचं डोकं लहान हवं आणि फ्रिक्वेन्सी वरची. मी तेव्हाच फाईलचा नंबर सांगायला लागलो, तर त्या हसल्या. पुढे भूलशास्त्र विभागात. "सहा किलोच्या बाळाला भूल कोण देतं?" विभागप्रमुख म्हणाले, "मी. मी रजेवर असलो तर कोणी नाही." मला वाटलं, गेली ही पण. उलट त्या म्हणाल्या, "हे लेखी मिळेल?"

पगारावर बोलणं जेमतेम दहा मिनिटं झालं. आमच्या आकड्याहून बराच मोठा आकडा त्यांना पुण्यात मिळत होता, ते त्यांनी सांगितलं आणि विषय सोडला. त्यांना हवा होता एक कागद : इथे काय होणार नाही. ओपन हार्ट शस्त्रक्रिया होणार नाही. पहिलं वर्षभर कॅथ लॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून, लहान मुलांच्या हृदयातली छिद्रं बंद करायचं काम होणार नाही, कारण सगळ्या मापांची उपकरणं कन्साइनमेंटवर (वापरलं तेवढ्याचेच पैसे, या बोलीवर) ठेवायला पुरवठादार तयार हवा आणि भूल द्यायला दुसरा माणूस हवा. होणार ते इको, निदान, बाळ सावरून पुढे पाठवणं, जन्मल्यावर प्रत्येक बाळाच्या उजव्या हाताला नि पायाला ऑक्सिमीटर लावून तपासणं, आणि पुढे कोणत्या दोन केंद्रांशी लेखी ठरलंय त्यांची नावं.

डीनसर बिचकले. "आपणच आपलं नाही-नाही लिहून द्यायचं?" दोन पानांच्या त्या कागदावर सही व्हायला पाच आठवडे लागले. माझ्या मते सबंध भरतीत तेवढं एकच काम आम्ही नीट केलं.

तरी त्यांनी होकार दिला नाही. म्हणाल्या, "पावसात एकदा येऊन बघते." कोकण बघायला माणसं डिसेंबरात येतात, या जुलैत आल्या, नवऱ्याला नि मुलीला घेऊन. नवरा संगणकावाला, घरून काम करणारा. आल्या रात्री वीज गेली ती सकाळी नऊला आली. त्याने दोन कंपन्यांची सिमं खिडकीत धरून कुठल्या कोपऱ्यात किती दांड्या येतात ते तपासलं. मुलीला बाथरूममध्ये बेडूक मिळाला, ती खूश.

डॉक्टर मात्र १०८च्या चालकाशी बोलत पोर्चमध्ये उभ्या. "घाटात दरड आली तर बाळ कुठून न्यायचं?"

"दुसऱ्या घाटातून."

"तोही बंद असला तर?"

"मग हायवेने मुंबई. सगळाच बंद असला तर काय ताई, थांबायचा."

"किती तास?"

त्याने गेल्या पावसाळ्यातली एक रात्र आठवली. "अकरा."

मला वाटतं औषधाचा साठा किती ठेवायचा ते त्यांनी त्या अकरावरून ठरवलं. होकाराचा मेल आला त्यात पहिली ओळ अँप्युलच्या संख्येची होती.

नंतरची कागदपत्रं म्हणजे माझं माहेर. आधीच्या राज्यातल्या परिषदेचं ना-हरकत, महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी, तीन महिन्यांची नोटीस, कार्यमुक्तीचं पत्र. गर्भातल्या बाळाचा इको करायचा म्हणून पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंद, तिला सगळ्यात वेळ लागला. पद बालरोगात दाखवायचं की हृदयरोगात यावर दोन विभागांत आठवडाभर टिपण्या रंगल्या. नोव्हेंबरात त्या रुजू झाल्या तेव्हा जाहिरातीला २१ महिने झाले होते. प्रोब त्यांच्या आधी चार दिवस पोचला; खोका उघडताना मॅडमनी मला मुद्दाम बोलावून घेतलं.

आता मंगळवारी इकोची ओपीडी असते. निवासी डॉक्टरांपैकी दोघींना त्यांनी प्राथमिक इको शिकवायला घेतलंय, कारण एकटीने बाराही महिने फोन उशाशी ठेवून झोपणार नाही, हेही त्या दोन पानांत आहे. रजिस्टरचा शेवटचा रकाना भरायला एक मुलगी नेमलीय, ती फोन करकरून आयांना भंडावते. औषधांच्या फ्रिजला कुलूप आहे. सोलकढी पॅन्ट्रीत.

सध्या माझ्या टेबलावर गणपतीतला ड्यूटीचा तक्ता पडलाय. कोकणात त्या दिवसांत रजा नको म्हणणारा माणूस सापडत नाही, म्हणून मी हक्काने डॉक्टरांकडे गेलो. घाटावरच्या, त्या थांबतील. त्या म्हणाल्या, "सर, आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस मला जावंच लागेल." भूलतज्ज्ञांचा अर्ज तर जूनमध्येच आलाय, त्यांचा गणपती पाच दिवसांचा. तीन दिवस बदली डॉक्टर पाठवता येईल का, म्हणून त्या दोन केंद्रांपैकी एकाला मी काल मेल केला. अजून उत्तर नाही. आज दुपारी पुन्हा फोन लावतो.